मिलानचा संत अंब्रोज: आठ दिवसांत बिशप झालेला सरकारी अधिकारी

जुना_कारकून (धागाकर्ता)

संत ऑगस्टिन या ख्रिस्ती विचारवंतावर इथे अधूनमधून लिहिलं जातं. त्याची आई मोनिका, तिची आसवं, त्याचं उंडारलेलं तरुणपण, सगळं येऊन गेलंय. पण ज्याने त्याला ३८७ च्या ईस्टरच्या रात्री स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) दिला त्या बिशपबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. म्हणून हा धागा. मी ख्रिस्ती नाही. उभा जन्म महसूल खात्यात गेला, आणि अंब्रोज मला आवडतो तो त्याच कारणाने. हा माणूस मुळात आपल्यातला, सरकारी नोकरीतला.

जन्म साधारण ३३९ चा, त्रिअरचा. हे गाव आज जर्मनीत आहे. वडील गॉलच्या कारभारात फार वरच्या पदावर होते, पण लवकर गेले. आई मुलांना घेऊन रोमला आली. थोरली बहीण मार्सेलिना संन्यस्त झाली, अंब्रोज मात्र कायदा आणि वक्तृत्व शिकून वकिली करू लागला आणि ३७० च्या सुमारास उत्तर इटलीतल्या एमिलिया-लिगुरिया प्रांताचा गव्हर्नर झाला. मुख्यालय मिलान. त्याला नेमणारा वरिष्ठ अधिकारी प्रोबस निघताना म्हणाला होता, "जा, न्यायाधीशासारखा नको, बिशपसारखा वाग." चरित्रकार पॉलिनस ही गोष्ट सांगतो. पॉलिनस अंब्रोजच्या हाताखालचा लेखनिक होता आणि त्याने ऑगस्टिनच्या सांगण्यावरून हे चरित्र लिहिलं. साहेबाच्या लेखनिकाने साहेबाचं चरित्र लिहिलंय, एवढं लक्षात ठेवून वाचायचं.

३७४ मध्ये मिलानचा बिशप ऑक्झेन्शियस वारला. तो एरियन पक्षाचा, म्हणजे पुत्र (येशू) पित्याच्या (देवाच्या) बरोबरीचा नाही असं मानणारा. नवा बिशप आमचाच हवा म्हणून दोन्ही पक्ष चर्चमध्ये जमले आणि हातघाईवर यायची वेळ आली. गव्हर्नर बंदोबस्ताला आला, लोकांना शांत करायला बोलू लागला. तेवढ्यात म्हणे एक लहान मूल ओरडलं, "अंब्रोज बिशप!" आणि दोन्ही बाजूंनी तोच घोष उचलला.

याचा तर अजून स्नानसंस्कारही झालेला नव्हता. त्या काळी मोठ्या हुद्द्याची माणसं हा संस्कार लांबवत, कारण रोमन अधिकाऱ्याचे हात रक्ताने माखायचेच. मग सुरू झाली टाळाटाळ, आणि ती वाचण्यासारखी आहे. एरवी करत नसे तरी त्याने न्यायासन मांडून आरोपींना यातना द्यायचा हुकूम सोडला, लोकांनी आपल्याला क्रूर म्हणावं म्हणून. लोक म्हणाले, "तुझं पाप आमच्या माथी." मग दिवसाढवळ्या वेश्यांना घरी बोलावलं. लोक तेच म्हणाले. शेवटी रात्री पावियाच्या वाटेने पळाला आणि सकाळी पाहतो तर मिलानच्याच वेशीवर! आपल्याकडे याला चकवा लागला म्हणतात, पॉलिनस देवाची योजना म्हणतो. अखेर बादशहाची परवानगी आली, स्नानसंस्कार झाला आणि आठव्या दिवशी, ७ डिसेंबर ३७४ ला, तो बिशप झाला.

सोनं-चांदी त्याने चर्चला आणि गरिबांना देऊन टाकली, जमिनी बहिणीच्या हयातीची सोय ठेवून चर्चच्या नावे केल्या, घरचा व्यवहार भाऊ सॅटिरसकडे सोपवला. म्हणजे त्यागसुद्धा कागदपत्रं नीट करून.

आता मुद्दा. अंब्रोजला राजसत्तेला हटकणारा संत म्हणतात. बरोबर आहे, पण तो कसं हटकायचा हे कुणी सांगत नाही. ३९० मध्ये थेस्सलोनिकात जमावाने बुथेरिक नावाच्या गॉथ सेनापतीला ठार मारलं. कारण काय, तर त्याने लोकांच्या लाडक्या रथस्पर्धकाला कोठडीत टाकलं होतं. बादशहा थिओडोसियसने सूडाचा हुकूम दिला आणि सैनिकांनी शहरात कत्तल केली. थिओडोरेट हा नंतरचा इतिहासकार सात हजारांचा आकडा देतो.

अंब्रोजने यावर सभा घेतली नाही, चर्चमध्ये भाषण ठोकलं नाही. प्रकृतीचं कारण सांगून शहराबाहेर गेला आणि स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, तू एकट्यानेच वाचावंस अशा शब्दांत. दावीद राजाचं उदाहरण दिलं: त्यानेही पाप केलं आणि कबूल केलं. आणि शेवटी, तू हजर असशील तर मी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करू शकणार नाही. आमच्या भाषेत हे अर्धशासकीय पत्र झालं, आवक-जावकात नोंद नसलेलं. समोरच्याला माघार घ्यायला जागा ठेवणारं. थिओडोसियसने राजचिन्हं उतरवून चर्चमध्ये लोकांसमोर पश्चात्ताप केला आणि त्या वर्षीच्या नाताळात त्याला पुन्हा कम्युनियन (मिस्सातला प्रसाद) मिळालं.

माझं म्हणणं एवढंच, की हे त्याला जमलं ते तो संत होता म्हणून जितकं, तितकंच तो गव्हर्नर होता म्हणून. मतं येऊ द्या.

गवती_चहा

छान लिहिलंय काका! ते मधमाश्यांचं राहिलं ना? तान्हा असताना पाळण्यात झोपलेल्या अंब्रोजच्या तोंडात मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. दाई हाकलायला धावली तर वडिलांनी थांबवलं. मग माश्या उंच उडून दिसेनाशा झाल्या. म्हणून तो मधपाळांचा आणि मेणबत्तीवाल्यांचा पालक संत. चित्रांत पायाशी पोळं असतं.

तिरकस

कारकूनकाका, धागा वाचनीय, पण तुम्ही सोयीची नस्ती तेवढी वर काढलीत. ३८८ ची खाली का ठेवली?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युफ्रेटिसकाठी कॅलिनिकम नावाचं गाव होतं, आजच्या सीरियातलं रक्का. तिथल्या ख्रिस्ती जमावाने बिशपच्या चिथावणीवरून ज्यूंचं सिनेगॉग जाळलं. भिक्षूंनी एका पाखंडी पंथाचं प्रार्थनास्थळही पेटवलं. याच थिओडोसियसने सरळ न्याय केला: बिशपने सिनेगॉग बांधून द्यावं, जाळपोळ करणाऱ्यांना शिक्षा व्हावी. हाच तुमचा अंब्रोज आडवा आला. आधी पत्र लिहिलं. ते पुरलं नाही तेव्हा मिलानच्या चर्चमध्ये प्रवचनातून बादशहाला सुनावलं, खाली उतरून त्याच्यापुढे उभा राहिला आणि सगळं प्रकरण मागे घेतल्याचा शब्द मिळेपर्यंत वेदीकडे गेलाच नाही.

म्हणजे बादशहा न्यायाने वागत होता तेव्हाही अडवला आणि अन्यायाने वागला तेव्हाही अडवला. मग यातून 'सत्तेला सत्य सुनावणारा संत' कसा काढायचा? मला तर बादशहाला वाकवणारा बिशप एवढंच दिसतं.

आणि सिमॅकस? रोमच्या सिनेटमधली विजयदेवतेची वेदी बादशहा ग्रेशियनने ३८२ मध्ये हलवली. ती परत ठेवावी म्हणून रोमचा प्रीफेक्ट, म्हणजे शहराचा मुख्य अधिकारी, सिमॅकस याने ३८४ मध्ये अर्ज केला. त्यातलं एक वाक्य असं, की एवढ्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कीर्तनकाराने मान डोलावली असती. अंब्रोजने तेरा वर्षांच्या दुसऱ्या व्हॅलेंटिनियनला लिहिलं, की हे मान्य केलंस तर चर्चमध्ये आलास तरी बिशप भेटणार नाही, भेटला तर विरोध करेल. पोराला दम देणं झालं हे.

शांतिसागर

तिरकस यांच्याशी सहमत. वाचनखूण साठवली.

वसईवाला

आमच्या वसईत ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर आणि ८ ला मारियामातेचा सण. मध्ये ७ ला येणारा अंब्रोज बिचारा चेंगरून जातो. त्या दिवशी मिस्साला गेलात तर फादर नाव घेतील, एवढंच.

तिरकस, कॅलिनिकमबद्दल वाद घालायला मी येणार नाही. ते वाईटच होतं. आज ख्रिस्तसभाही ज्यूंबद्दल तसं बोलत नाही, १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो सूर अधिकृतपणे सोडला. पण माणूस तेवढ्यावर संपत नाही.

मला अंब्रोज भेटला तो नाबोथच्या गोष्टीतून. जुन्या करारात आहाब राजाला शेजारच्या नाबोथची द्राक्षवाडी हवी असते. तो वडिलार्जित जमीन द्यायला नकार देतो, तर राणी इजबेल खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार मारवते आणि वाडी राजाच्या घशात. यावर अंब्रोजने एक छोटं पुस्तक लिहिलंय. सुरुवातच अशी: नाबोथची गोष्ट काळाने जुनी, पण व्यवहारात रोजची. पुढे श्रीमंतांना म्हणतो, गरिबाला देतोस ते तुझं नाही, त्याचंच त्याला परत करतोस. कारण सर्वांच्या उपयोगासाठी दिलेलं तू एकट्याने बळकावलंस.

वाड्या विकून टॉवर उभे राहिलेल्या गावात राहून हे वाचलं की काय वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. ३७८ मध्ये एड्रियानोपलला गॉथांनी रोमन सैन्याची धूळधाण केली, बादशहा व्हॅलेन्स मारला गेला, हजारो लोक कैदी झाले. त्यांना सोडवायला अंब्रोजने चर्चची सोन्याचांदीची पात्रं वितळवली. एरियनांनी ओरड केली, पवित्र पात्रं मोडली म्हणून. त्याचं उत्तर होतं, की चर्चकडे सोनं आहे ते साठवायला नाही, अडलेल्यांसाठी खर्चायला. प्रभूने विचारलं की इतके कैदी विकले गेले, मारले गेले, तू का सोडवले नाहीस, तर काय सांगू? देवाच्या मंदिराला शोभा राहणार नाही म्हणून घाबरलो, असं?

छांदिष्ट

गाण्यांवर कुणीच बोललं नाही!

३८६ मध्ये दरबाराने मिलानमधलं एक चर्च एरियनांसाठी मागितलं. बालराजा दुसऱ्या व्हॅलेंटिनियनची आई जस्टिना त्या पक्षाची. आधल्या वर्षीही अशी मागणी होऊन फिसकटली होती. अंब्रोजने नकार दिला. पवित्र सप्ताह, बाहेर सैनिकांचा वेढा, आत लोक ठाण मांडून. ऑगस्टिनची आई मोनिकाही त्या रात्रींच्या जागरणाला होती. लोकांनी कंटाळून, खचून जाऊ नये म्हणून पूर्वेकडच्या रीतीने स्तोत्रं आणि गीतं गायला सुरुवात झाली, ती मग पश्चिमेत सगळीकडे पसरली. हे ऑगस्टिनच सांगतो.

अंब्रोजची गीतं तंत्राच्या दृष्टीने पाहा. ओळ आठ अक्षरांची, चार ओळींचं कडवं, आठ कडवी. कुणालाही एकदा ऐकून धरता येईल अशी चाल. आपला लहान अभंगही आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा. लॅटिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब आहे तसा अभंगात नाही, हा फरक आहेच, पण अक्षर न ओळखणाऱ्या माणसाच्या तोंडी तत्त्वज्ञान बसवायचं तर ओळ केवढी हवी याचा अंदाज दोन्हीकडे एकाच जागी येऊन थांबलाय. एरियन म्हणत, याने गाण्यांनी लोकांवर मंत्र टाकलाय. तो म्हणाला, हो, टाकलाय, आणि त्रैक्याची (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव याची) कबुली रोज सगळ्या लोकांच्या तोंडून होते यापेक्षा मोठा मंत्र कोणता.

आई वारली तेव्हा ऑगस्टिनला रडू येईना. झोपून उठल्यावर अंथरुणात एकटाच असताना त्याला अंब्रोजचं संध्याकाळचं गीत आठवलं, 'देउस क्रेआतोर ओम्नियुम', आणि मग बांध फुटला. बिशपची प्रवचनं बाजूला राहिली, उपयोगाला आलं ते गाणं. इथे फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाची आठवण होणारच. रायतूरला १६१६ मध्ये छापलेलं, ओव्यांत. त्यांनाही गाता येईल असं हवं होतं.

पुस्तकी_कीडा

दोन दुरुस्त्या, कारण पुढे कुणीतरी चित्र टाकणारच.

एक, अंब्रोजने चर्चच्या दारात थिओडोसियसला हाताने अडवलं, हे दृश्य रुबेन्स आणि व्हॅन डाइकने रंगवलंय आणि ते थिओडोरेटकडून आलंय, घटनेनंतर काही दशकांनी. अंब्रोजच्या स्वतःच्या पत्रात दाराचा प्रसंग नाही. कारकूनकाकांनी तो घेतला नाही, ते बरं केलं. फाशीचा हुकूम तीस दिवस थांबवून ठेवावा हा कायदाही अंब्रोजने त्याच वेळी करून घेतला असं सांगतात, पण रोमन कायद्यांच्या संहितेत त्यावर तारीख ३८२ ची आहे, म्हणून अभ्यासकांत वाद आहे.

दोन, 'मनात वाचणारा जगातला पहिला माणूस अंब्रोज' हे फॉरवर्ड कृपया थांबवा. ऑगस्टिनने लिहिलंय ते इतकंच: अंब्रोजच्या खोलीत कुणीही जाऊ शके, वर्दी द्यावी लागत नसे. आम्ही जायचो तेव्हा तो वाचत असायचा, डोळे पानांवर फिरत, मन अर्थ शोधत असे, आवाज आणि जीभ मात्र स्थिर. आम्ही बराच वेळ गप्प बसून निघून यायचो. मनात वाचणं ग्रीक-रोमनांना आधीपासून ठाऊक होतं. माणसं समोर बसलेली असताना तसं वाचणं वेगळं वाटलं असावं. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला तेवढाच वेळ मिळत असणार, असा अंदाज खुद्द ऑगस्टिनने केलाय.

जुना_कारकून (धागाकर्ता)

तिरकस, नस्ती खाली ठेवली नव्हती, तुम्ही काढणार याची खात्री होती. आता दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

३८८ मध्ये अंब्रोजने सगळ्यांदेखत बादशहाला वाकवलं. परिणाम? थिओडोसियस मनात चिडला. ३९० च्या पत्राची सुरुवात वाचा. अंब्रोज तिथे लिहितो, की दरबारातल्या चर्चा माझ्या कानावर येतात याचा तुला राग आहे, सगळ्यांना असलेली ऐकायची मुभा मला एकट्याला बंद केलीस. म्हणजे साहेबांनी आतल्या वर्तुळातून काढलं होतं. जाहीरपणे जिंकलेल्या लढाईची ही किंमत. दुसऱ्या वेळी त्याने पद्धत बदलली: गावाबाहेर, एकांतात, स्वहस्ते. थिओडोसियसलाही त्यातून वाट मिळाली. कत्तल करणारा बादशहा पश्चात्ताप करणारा दावीद झाला, हे त्याच्याही पथ्यावर पडलं. दोघे कारभार जाणणारे होते.

कॅलिनिकमचं समर्थन मी करणार नाही. जळलेलं प्रार्थनास्थळ कुणाचं यावर न्याय ठरवणारा अधिकारी मला आवडला नसता. पण एक तिसरं प्रकरण आहे. स्पेनचा बिशप प्रिसिलियन याला पाखंडी ठरवून बादशहा मॅक्सिमसने त्रिअरमध्ये ठार मारलं, काही बिशपांच्याच मागणीवरून. अंब्रोज दरबारी कामासाठी त्रिअरला गेला होता, तिथे त्याने त्या बिशपांशी कम्युनियन, म्हणजे एकत्र उपासनेचं नातं, ठेवायला नकार दिला. पाखंड त्यालाही नको होतं. पण धर्माच्या नावाने तलवार मागणारे बिशप त्याला चालले नाहीत. आता सांगा, हा माणूस एका खणात बसतो का?

तिरकस

तलवार चालत नाही, आग चालते. बसतो एका खणात.

सिमॅकसवर तुम्ही काहीच बोलला नाहीत, याची नोंद घेतली आहे.

जुना_कारकून (धागाकर्ता)

सिमॅकसचं वाक्य सुंदर आहे. पण त्या अर्जात त्याच्याच खाली पुजारिणींचं बंद केलेलं सरकारी अनुदान आणि मृत्युपत्राने मिळणाऱ्या जमिनी परत मागितल्यात. तोही अर्ज कारकुनाच्या नजरेने वाचावा लागतो. बाकी पोराला दम दिला, हे मान्य.

वसईवाला

मोनिकाचा एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. आफ्रिकेत हुतात्म्यांच्या कबरींवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस न्यायची चाल होती. मिलानमध्ये ती टोपली घेऊन निघाली तर दारवानाने अडवलं: बिशपची मनाई आहे. कारण दोन, पिणाऱ्यांना निमित्त मिळतं आणि ही चाल मूर्तिपूजकांच्या पितरांच्या सणासारखी दिसते. मोनिकाने एका शब्दाने वाद घातला नाही. ऑगस्टिन म्हणतो, दुसऱ्या कुणी मनाई केली असती तर आईने इतक्या सहज सोडलं नसतं. आमच्याकडे २ नोव्हेंबरला कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या असतात. माझ्या आजीला कुणी टोपली घरी ठेवायला सांगितली असती तर बिशप असो की कोणी, तिने ऐकलं नसतं.

याच मोनिकाला प्रश्न पडला, की रोममध्ये शनिवारचा उपास करतात, मिलानमध्ये नाही, मी काय करू? अंब्रोज म्हणाला, मी इथे असतो तेव्हा शनिवारी उपास करत नाही, रोमला असतो तेव्हा करतो. ज्या चर्चमध्ये जाल तिथली रीत पाळा. मग काका, सिनेगॉगबाबत एवढा ताठर माणूस उपासाबाबत इतका मऊ कसा?

मिलानकर

उशिरा आलो. नोकरीनिमित्त इथेच असतो, तर आजचं थोडं.

त्याचं चर्च, सांताम्ब्रोज्यो, लाल विटांचं आहे. आजची इमारत बहुतेक अकराव्या-बाराव्या शतकातली. पुढे मोठं अंगण आणि दोन मनोरे, एक बुटका नि एक उंच, एक भिक्षूंचा आणि दुसरा कॅननांचा (चर्चला नेमलेल्या धर्मगुरूंचा). आत नवव्या शतकातली सोन्याची वेदी आहे. तळघरात काचेच्या पेटीत तीन सांगाडे, उंची वस्त्रं घातलेले: मध्ये अंब्रोज, दोन्ही बाजूंना जर्व्हेशियस आणि प्रोटेशियस हे हुतात्मे. त्यांचे अवशेष त्यानेच ३८६ मध्ये, दरबाराशी भांडण चालू असताना, उकरून काढले. (तिरकस, वेळ बघून ठेवा, मीच आधी म्हणतो!) पहिल्यांदा पाहणाऱ्याला दचकायला होतं. माझी आई आली होती तेव्हा तिने लांबूनच हात जोडले आणि वर जाऊन बसली. शेजारच्या छोट्या चॅपलमध्ये पाचव्या शतकातलं मोझेक आहे, त्यात किरकोळ अंगाचा, आखूड दाढीचा अंब्रोज दिसतो. चित्रांतला धिप्पाड बिशप नाही.

७ डिसेंबरला शहराला सुट्टी. त्याच संध्याकाळी ला स्काला ऑपेराचा हंगाम सुरू होतो, आणि 'ओ बेय ओ बेय' नावाची जत्रा भरते.

गवती_चहा

मिलानकर, तिथला उपवासकाळ बाकीच्यांपेक्षा उशिरा सुरू होतो म्हणतात, ते खरं आहे का? मार्चमध्ये ऑफिसच्या कामाने येतेय, कार्निव्हल चुकला असं वाटत होतं.

मिलानकर

खरं आहे. इथे रोमन नाही, अंब्रोजियन विधी चालतो. बाकीकडे उपवासकाळ ज्याने सुरू होतो तो राखेचा बुधवार इथे नाही, उपवासकाळ त्यानंतरच्या रविवारी सुरू होतो, म्हणून कार्निव्हल शनिवारपर्यंत लांबतो. बाकी इटलीत मंगळवारी सगळं आवरलेलं असतं. पण तारखा ईस्टरवर ठरतात. काही वर्षी हा शनिवार फेब्रुवारीतच येऊन जातो, तेव्हा तिकीट काढायच्या आधी त्या वर्षीचा ईस्टर कधी आहे ते पाहा आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तिरकस

मिलानकर, अवशेषांची वेळ बघून ठेवली. रविवारी सविस्तर लिहितो.